फुआतिनोबाईंची प्रार्थना आणि बेचाळीस किलोमीटर

मॅरेथॉन धावणार, असं एसेता म्हणाली तेव्हा वाइतोआ गावाने ते एक वेळ पचवलं असतं. बाळंतीण काय वाट्टेल ते बोलते, त्याला कोण हरकत घेणार? पण ती पुढे म्हणाली, "आणि मला एकटीने धावायचंय." तिथे गावाचा घास घशात अडकला.

वाइतोआत एकटं कुणी नसतं. घरांना भिंतीच नाहीत. दगडी चौथरा, भोवती गोल खांब, वर छप्पर. एका घरात शिंक आली तर तिसऱ्या घरातून औषध सांगतात. माणूस एकटा बसलेला दिसला की तो आजारी असणार, रुसलेला असणार, नाहीतर त्याचं कुणीतरी गेलं असणार, असं धरून लोक शेजारी येऊन बसतात आणि बोलू लागतात. सामोआत याला माया म्हणतात, आणि ती माया आहेच. पण मायेपासून पळायला रस्ता लागतो, आणि बेटाभोवती रस्ता एकच आहे.

लेकीच्या, मातालेनाच्या जन्माच्या वेळी एसेताचं फार रक्त गेलं होतं. दोन दिवस सगळे कुजबुजत बोलत होते. ती वाचली, आणि मग तीन महिने तिचं शरीर सार्वजनिक मालमत्ता झालं. एक काकू पोट चोळायला येई, दुसरी काकू पहिलीने चुकीचं चोळलं म्हणून पुन्हा चोळे. सासूबाई, म्हणजे फुआतिनोबाई, दिवसातून चारदा बाळंतिणीची नारळाची खीर घेऊन समोर बसत आणि वाटी रिकामी होईपर्यंत उठत नसत. पाय अवघडले म्हणून एसेताने लांब केले की गुडघ्यावर चापट बसे. "पाय झाक! समोर सासरा बसलाय. कुणाकडे तळवे करून बसलीस?" घराण्याच्या प्रमुखाला मताई म्हणतात, आणि मताईसमोर उघडे पाय पसरणं म्हणजे शिवी देण्यासारखंच.

एक दिवस लसटोचणीच्या नर्सबाईंच्या टेबलावर एसेताने तो कागद पाहिला. बेटाच्या पूर्व किनाऱ्याची मॅरेथॉन, बेचाळीस किलोमीटर, शेवट वाइतोआच्या शाळेच्या मैदानावर. शाळेत असताना ती कधी पहिल्या दहांत आली नव्हती. पण हे शरीर अजून आपलं आहे का, हे तिला बघायचं होतं. ते बघताना भोवती कुणी नको होतं. बस, एवढंच.

"धावावं का गं खरंच?" नवरा म्हणाला. हा फिलिपो मनाने फार चांगला. चांगल्या मनाच्या माणसांचं असतं तसं, त्याचं मत शेवटच्या बोलणाऱ्याचं असे. शेवटच्या बहुधा फुआतिनोबाईच बोलत.

"धावल्यावर दूध आंबतं," फुआतिनोबाई म्हणाल्या.

"नर्सबाई म्हणाल्या, नाही आंबत."

"तिला मुलं किती?"

"एकही नाही."

"मग तिचं दूध कशाला आंबेल?"

गावच्या महिला समितीच्या त्या अध्यक्ष होत्या. घरोघरच्या चादरी, ताटल्या, संडास तपासणं आणि दर महिन्याला गावातली तान्ही मुलं काट्याला टांगून वजन करणं, हे समितीचं काम. त्यांनी निवाडा दिला: मातालेनाचं वजन एका छटाकाने जरी उतरलं, तरी धावणं बंद. एसेताने मान्य केलं. ती रस्त्यावर धावू लागली आणि इकडे 'आई घरी नाही, बिचारं लेकरू' म्हणून दर दुसरी बाई मातालेनाला काही ना काही चाटवू लागली. तिसऱ्या महिन्यात काट्याचा हुक वाकला. तो अट मोडल्याचा पुरावा धरावा की पाळल्याचा, यावर समितीत बराच खल झाला.

आता या घराबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे सगळं तिथेच येऊन अडतं. संध्याकाळी दिवस मावळला की गावात शंख फुंकतात. मग 'सा' लागते. घरोघर प्रार्थना सुरू होते आणि रस्त्यावरून चालायला बंदी. कुणी वाटेत सापडलाच तर त्याने आहे तिथे खाली बसायचं. गावातली तरुण मंडळी एकसारख्या लुंग्या नेसून रस्त्याच्या कडेला पहारा देतात. दुसरा शंख झाला की सगळे मोकळे. इतर गावांत हे दहा मिनिटांत उरकतं. वाइतोआत चाळीस लागतात. कारण असं, की वाइतोआचा शंख सात पिढ्या एसेताच्या सासऱ्यांच्या, म्हणजे फाउमालोंच्या घराण्याचा. त्यांच्या घरची प्रार्थना संपेल तेव्हा दुसरा शंख, हा रिवाज. आणि त्यांच्या घरची प्रार्थना सांगतात फुआतिनोबाई.

फाउमालो हे पंचायतीचे वक्ते. बाहेर इतकं बोलतात की घरी येईपर्यंत शब्द संपलेले असतात. फुआतिनोबाईंचं उलट. त्या पृथ्वीच्या उत्पत्तीपासून सुरू करत. मग ऑकलंडला गेलेले सगळे नातेवाईक, त्यांच्या गल्ल्यांच्या क्रमाने. प्रत्येकाचा गुडघा, साखर आणि नोकरी. मग पाद्रीबाबांच्या घराचं गळकं छप्पर. मग घरची मोठी डुकरीण, तिला सुखरूप पिल्लं होवोत. सगळ्या गावात चुलीवरचा भात करपून जाई, लहान मुलं झोपत, मोठी माणसं झोपत. बोलायची सोय नव्हती. प्रार्थना लांब झाली अशी तक्रार कुणापुढे करणार? समोरच्या घरचे मताई लेफोता तेवढे शंखावर डोळा ठेवून होते. "आमच्याकडे कसं, आठ मिनिटांत आमेन," असं ते सहज बोलल्यासारखं बोलत.

तर, धावणं. पहिल्या दिवशी पहाटे एसेता निघाली आणि शंभर पावलांवर कुत्री आली. सामोआच्या कुत्र्यांना चालणारा माणूस चालतो, धावणारा चालत नाही. उपाय सगळ्यांना ठाऊक आहे: वाकून दगड उचलल्यासारखं करायचं. पण टाके घातलेल्या बाईला दर शंभर पावलांनी वाकायला सांगून बघा. चौथ्या घरापर्यंत तिची कंबर धरली आणि पाचव्या घराच्या कुत्र्याने, दगड खोटा आहे हे ओळखलं.

कुत्र्यांतून सुटली तोवर बस आली. बस थांबली. "चढ!" ड्रायव्हर म्हणाला.

"नको, मी धावतेय."

"तेच म्हणतोय. चढ, कुठे जायचंय?"

"कुठे नाही. परत घरीच जायचंय."

बसमधल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "पंचायतीने शिक्षा दिली का गं तुला? काय केलंस?"

"काही नाही केलं, आजी. मुद्दाम धावतेय."

"नवरा मारतो का?"

"नाही हो!"

"मग तू मारलंस त्याला?"

खिडकीच्या बाजूचे सगळे पुढे वाकले. ड्रायव्हर भला माणूस. बाळंतीण बाई रस्त्यावर एकटी, हे त्याला बघवेना. त्याने बस तिच्या वेगाने तिच्या शेजारून चालवली, दीड किलोमीटर. बाजाराला निघालेली माणसं तारोच्या कंदांच्या टोपल्या मांडीवर घेऊन शिव्या देत होती. त्या बसला नव्हत्या, एसेताला होत्या. शेवटी ती चढली. जागा नव्हती, म्हणून रिवाजाप्रमाणे त्याच म्हातारीच्या मांडीवर बसली. म्हातारीने घरापर्यंत तिची पाठ थोपटली आणि उतरताना म्हणाली, "सगळं नीट होईल हो."

दोन महिन्यांनी पल्ला वाढला, आणि इथे एसेताची खरोखर चूक झाली. अकरा किलोमीटर जायचं, वळायचं, परत यायचं, असा तिचा हिशेब. अकरा किलोमीटरवर तिचं माहेर होतं. लग्न झालेली मुलगी बाळाला न घेता, घामाने निथळत, एकटी धावत माहेरी आली तर त्याचा अर्थ या बेटावर एकच होतो. तिने अंगणातल्या फणशीच्या झाडाला हात लावला आणि वळणार तोच आत्या ओरडत आली. पाठोपाठ आई. पाठोपाठ रडणं.

"अगं मी वळायला आलेय फक्त!"

"बोलू नकोस," आई म्हणाली. "आधी जेव."

तिला चटईवर बसवली. कोंबडी कापली. ती गिळत होती तेव्हा तिचे दोन भाऊ ट्रक काढून वाइतोआला गेलेही होते. तिथे त्यांनी फिलिपोला विचारलं, "काय झालं?" फिलिपो म्हणाला, "कुठे काय झालं?" हे उत्तर भावांना उडवाउडवीचं वाटलं. फाउमालोंना दोन भाषणं करावी लागली आणि एक बारीक विणीची मानाची चटई द्यावी लागली, तेव्हा प्रकरण मिटलं. मिटण्यासारखं काही घडलंच नव्हतं, त्यामुळे मिटायला जास्त वेळ लागला.

पण हे सगळं परवडलं म्हणायची वेळ पुढच्याच महिन्यात आली.

त्या संध्याकाळी ती उशिरा परतत होती. पोलकं दुधाने भिजलं होतं. गावाच्या शिवेवर आली आणि शंख झाला. बसायला हवं होतं. ती बसलीही असती. पण घरांना भिंती नसल्यामुळे तीनशे पावलांवरून तिला मातालेनाचं रडणं ऐकू आलं. तिने विचार केलाच नाही. पहाऱ्यावरच्या पोरांच्या नाकासमोरून, लेफोतांच्या घरासमोरून, अख्खं गाव डोळे मिटून बसलेलं असताना ती धावत गेली. डोळे मिटलेल्या गावाने हे सगळं अगदी स्पष्ट पाहिलं.

सोमवारी पंचायत बसली. वक्ता या नात्याने शिक्षा जाहीर करणं हे फाउमालोंचं काम होतं. त्यांनी उभं राहून सा मोडणाऱ्या घराला अतिशय कडक शब्दांत सुनावलं: एक मोठी डुकरीण आणि डबाबंद माशांच्या दहा पेट्या. मग ते चालत समोरच्या खांबापाशी, गुन्हेगाराच्या जागेवर गेले, खाली बसले, आणि त्याच शिक्षेबद्दल पंचायतीचे नम्रपणे आभार मानून क्षमा मागितली. दोन्ही भाषणं चांगली झाली. दुसरं करताना त्यांचा आवाज किंचित हलला.

"आणि पुन्हा असं झालं," लेफोता हळूच म्हणाले, "तर शंख जरा दुसऱ्या घरी ठेवावा. तेवढाच त्यांना आराम." पंचायतीने मान डोलावली.

डुकरीण गेली. प्रार्थनेत रोज जिचं नाव असे तीच ती. फुआतिनोबाई नऊ दिवस सुनेशी बोलल्या नाहीत. देवाशी मात्र बोलत. "देवा, काही सुनांना तू पाय दिलेस, कान द्यायला विसरलास," असं त्या डोळे मिटून म्हणत, आणि सगळ्या घराला "आमेन" म्हणावं लागे. एसेतालाही.

तिला खरंच वाईट वाटलं. सासऱ्यांना पलीकडे जाऊन बसताना तिने पाहिलं होतं. धावणं सोडते, असं ती फाउमालोंना म्हणाली. "डुकरीण गेलीच आहे," ते म्हणाले. घरात ते एवढंच बोलले.

मग नाव नोंदवायची वेळ आली. फॉर्मवर 'गाव' असा रकाना होता आणि त्यापुढे सरपंचांची सही हवी होती. सरपंच म्हणाले, गावाच्या नावाने सही म्हणजे गावाचा प्रश्न, पंचायतीत ठेवू. पंचायत म्हणाली, गावाच्या नावाने धावणार म्हणजे गावाची अब्रू. लेफोता म्हणाले, हरली तर? कुणीतरी म्हणालं, वाइतोआची बाई हरेलच कशी, आपण सगळे आहोत ना! आणि एका दुपारी एसेताची ती एवढीशी, एकटीची गोष्ट सार्वजनिक होऊन गेली.

दुसऱ्या दिवसापासून तिच्यासोबत धावायला बारा तरुण. मागे ट्रक, ट्रकमध्ये चर्चची गायक मंडळी, सरावाला सराव म्हणून. महिला समितीने लाल फुलांच्या कापडाचे सदरे शिवले. एसेताचा तेवढा बगलेत घट्ट झाला. शाळेतले निवृत्त गुरुजी सायकलवरून श्वास कसा घ्यावा ते सांगत. एसेता मधोमध धावे. चौफेर माया, आणि श्वास घ्यायला जागा नाही. ती कुणाला काही म्हणाली नाही. काय म्हणणार? सगळे प्रेमाने धावत होते, काही जण तर अनवाणी.

शर्यतीच्या आदल्या रविवारी ती मागच्या चुलीपाशी नारळ खोवत होती. फुआतिनोबाई मातालेनाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. अचानक म्हणाल्या, "काय असतं गं तिकडे रस्त्यावर एवढं?"

"काही नसतं, आई. म्हणून तर."

फुआतिनोबाईंनी सहा मुलं वाढवली होती, त्याशिवाय दिरांची चार. थोडा वेळ त्या गप्प राहिल्या, आणि त्या गप्प राहिल्या म्हणून एसेताने खोवणं थांबवलं.

"मी एकदा होते एकटी," त्या म्हणाल्या. "दवाखान्यातून येताना बस चुकली. फिलिपोच्या वेळची गोष्ट. दोन तास त्या फाट्यावर बसून होते. कुणीच आलं नाही."

"भीती वाटली?"

"छे." मग इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून, "कुणाला सांगू नकोस."

शर्यत शनिवारी पहाटे पाचला सुटायची होती. रात्रभर पाऊस कोसळला आणि नदी रस्त्यावरून वाहू लागली. पाणी उतरायची वाट बघायची ठरली. वाट बघायची म्हटल्यावर पाहुण्यांना रिकामं कसं ठेवणार? नाश्ता आला. नाश्त्याआधी प्रार्थना, नाश्त्यानंतर आभार. आभारांना उत्तर. शर्यत सुटली तेव्हा पावणेबारा झाले होते आणि डांबर तापून मऊ झालं होतं. सात तासांची मुदत. पावणेसातला नोंदवही बंद. बरोबर माणसं आणायला बंदी होती. वाइतोआच्या ट्रकला आयोजकांनी घरी पाठवलं, तेव्हा गायक मंडळींच्या डोळ्यांत पाणी आलं. एसेताच्याही आलं, त्याचं कारण वेगळं होतं.

पहिले दहा किलोमीटर ती जवळजवळ एकटी होती. उजवीकडे समुद्र, डावीकडे नारळ, आणि मध्ये तिचाच श्वास. तिला हसू येत होतं. मग गावं लागली. शर्यत असो नाहीतर आणखी काही, दारावरून जाणाऱ्याला खायला घातल्याशिवाय सोडायचं नाही, आणि दिलेलं नाकारायचं नाही, हे दोन्ही नियम मॅरेथॉनपेक्षा जुने आहेत. तिने चौदाव्या किलोमीटरला कोकोचा भात खाल्ला, एकोणिसाव्याला केळ्याची लापशी, तेविसाव्याला कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. एकतिसाव्याला आई आणि आत्या माहेरच्या झाडाखाली उभ्या होत्या. आत्याच्या हातात कोंबडी होती, या खेपेला शिजवलेली. मातालेनालाही सकाळीच तिथे आणून ठेवलं होतं. एसेताने झाडाखाली बसून तिला पाजलं. बारा मिनिटं गेली. मग फिलिपो बाळाला घेऊन ट्रकने घरी निघाला आणि जाता जाता विचारू लागला, "थांबायचं का गं आता? पुष्कळ झालं." "नाही," ती म्हणाली, आणि शेवटचं बोलणं आपलंच राहावं म्हणून लगेच धावू लागली.

पस्तिसाव्यानंतरचं तिला फारसं आठवत नाही. पाय आपले नाहीत असं वाटायचं, आणि मग इतके दुखायचे की आपलेच आहेत याची खात्री व्हायची. डावीकडून एक न्यूझीलंडचा गोरा मास्तर लंगडत तिच्या बरोबरीने आला. त्याचा चेहरा उकडलेल्या खेकड्याच्या रंगाचा झाला होता. बोलण्यासारखं अंगात काही उरलंच नव्हतं.

सहा पंचविसाला ती वाइतोआत शिरली. लांबवर मैदान दिसत होतं. टेबल, घड्याळ, कंदील. वीस मिनिटं हातात होती. गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं होतं, लाल फुलांच्या सदऱ्यांत. ती स्वतःच्या घरासमोर आली, मैदान सहाशे पावलांवर राहिलं, आणि शंख झाला.

सगळं गाव मुकाट्याने घराघरांत वळलं. पहाऱ्यावरची पोरं कडेला उभी राहिली. त्यांत फिलिपो होता. त्याने बायकोकडे पाहिलं आणि त्याचं चांगलं मन त्याच्या तोंडावर पसरलं. समोरच्या घरात लेफोता बसले होते, डोळे मिटून, रस्त्याकडे तोंड करून.

एसेता धावू शकली असती. सहाशे पावलं होती. पाच महिने, एक डुकरीण, पायांची चार काळी पडलेली नखं. तिने घरात पाहिलं. फाउमालो खांबाला टेकून बसले होते, मांडीवर शंख. पलीकडच्या खांबापाशी जाऊन बसणारे फाउमालो तिला आठवले. ती रस्त्याच्या मधोमध खाली बसली.

गोरा मास्तर तसाच पुढे निघाला. फिलिपोने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यालाही आदराने खाली बसवलं.

"किती वेळ?" त्याने कुजबुजत एसेताला विचारलं.

"त्या घरावर आहे."

"तिथे कोण आहे?"

"माझी सासू," एसेता म्हणाली. "चाळीस मिनिटं."

मास्तरने घड्याळाकडे पाहिलं, मग आकाशाकडे, आणि हळूच बूट काढला. तिकडे मैदानावर वेळ लिहिणारे गृहस्थही वाइतोआचेच होते. चाळीस मिनिटांच्या तयारीने त्यांनी पाठ टेकली होती. मागच्या घरांतून स्तोत्राची पहिली ओळ उठली.

एसेता रडत होती. हे आता लपवण्यात अर्थ नव्हता. घराला भिंत नव्हती आणि रस्त्याला तर नव्हतीच. घरात फुआतिनोबाई मातालेनाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी स्तोत्र सुरू केलं नाही. पुस्तक उघडलं नाही. सुनेकडे पाहिलं. मग डोळे मिटले.

"देवा," त्या म्हणाल्या, "आज मी काही सांगत नाही. रस्त्यावर बघ. आमेन."

घरात कुणाला आमेन म्हणायचं सुचेना. फाउमालोंनी बायकोकडे असं पाहिलं, जणू लग्नानंतर आजच ओळख होतेय. त्यांनी शंख घाईत उलटा तोंडाला लावला, मग सुलटा केला, आणि फुंकला. गावभर स्तोत्रं जिथल्या तिथे तुटली. लेफोतांच्या घरी तर आठ मिनिटांतली दोनच झाली होती. मैदानावर वेळ लिहिणारे दचकून उठले, त्यांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं; त्यांना ते बंद पडलंय असं वाटलं.

शंख झाला म्हणजे गाव मोकळं. आणि मोकळं झालेलं गाव धावत सुटलं. बारा तरुण, गायक मंडळी, गुरुजी सायकल शोधत, काकू खिरीची वाटी घेऊन, सगळे एसेताकडे. तिला उचलायला, धरायला, बरोबर धावायला. ती गुडघ्यांवर हात टेकून कशीबशी उठत होती आणि मायेची ती लाट तिच्यावर येत होती.

"बसा!"

फुआतिनोबाई चौथऱ्याच्या कडेला उभ्या होत्या. असा आवाज त्यांनी आजवर फक्त मळक्या चादरींसाठी वापरला होता.

"बसा सगळे! तिच्याबरोबर कुणी जायचं नाही. तिला एकटीला जाऊ दे."

शंख नाही, नियम नाही, पंचायत नाही. तरी गाव बसलं. जे जिथे होते तिथे, चिखलात, दगडांवर, सायकलीशेजारी. लेफोतासुद्धा. मास्तर अर्धा उठलेला तोही पुन्हा बसला. फिलिपोने "तुम्ही नाही हो, तुम्ही स्पर्धक," असं सांगितल्यावर एक बूट हातात घेऊन उठला आणि बराच मागून, चार हात सोडून चालू लागला.

एसेता ती सहाशे पावलं गेली. त्याला धावणं म्हणावं की नाही, यावर वाइतोआत अजून दोन मतं आहेत. दोन्ही बाजूंना बसलेली माणसं, एक शब्द नाही, कुणी हात पुढे करत नाही, मूल रडलं तर आया तोंडावर हात ठेवतात. कुत्रीही उठली नाहीत. एवढ्या माणसांच्या मध्ये, आयुष्यात पहिल्यांदा, ती एकटी होती. नोंदवहीत लिहिलं आहे: एसेता, वाइतोआ, सहा वाजून एक्केचाळीस मिनिटं.

रविवारी संध्याकाळी शंख झाला. फुआतिनोबाईंनी डोळे मिटले आणि आदल्या दिवशीची बाकी उचलली: पृथ्वीची उत्पत्ती दोनदा, ऑकलंड जाताना आणि येताना, पाद्रीबाबांचं छप्पर, गेलेली डुकरीण आणि येणारी नवी. एक तास दहा मिनिटं झाली. सगळ्या गावचा भात करपला आणि कुणी ब्र काढला नाही.

एसेताला मांडी घालता येत नव्हती. तिने सहन होईल तितकं सहन केलं आणि मग, सासऱ्यांसमोर, सगळ्या घरासमोर, दोन्ही सुजलेले पाय सरळ लांब केले. चापटीची वाट पाहत तिने डोळे घट्ट मिटून घेतले. फुआतिनोबाईंनी प्रार्थनेतला एक शब्दही न चुकवता हात लांब केला, बाजूची चटई ओढली आणि सुनेच्या पायांवर घातली.